दारावरच्या रखवालदाराला आपण काय सांगितले आहे?

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: मार्गदर्शक श्वानासह सार्वजनिक ठिकाणी वावर आणि त्याबाबत नागरिकांचे वर्तन

महोदय,



मी पुण्यात राहणारी, नोकरी करून कर भरणारी एक दृष्टिहीन नागरिक आहे. माझ्या डाव्या बाजूने जी काळी लॅब्रॅडॉर कुत्री चालते, ती मी हौसेने पाळलेली नाही. ती प्रशिक्षित मार्गदर्शक श्वान आहे. रोजच्या बोलण्यात आम्ही तिला गाईड डॉग म्हणतो. अमेरिकेत नोकरीला असताना तिथल्या एका प्रशिक्षण संस्थेने आमची जोडी लावून दिली. पुढे आईचे वय झाले म्हणून मी कायमची घरी परतले, तेव्हा ती विमानात माझ्या पायाशी बसून आली. लसीकरणाच्या नोंदी, आरोग्याचे दाखले, विलगीकरण विभागाची परवानगी असे सगळे कागद दाखवल्यावर तिला देशात रीतसर प्रवेश मिळाला. हॉटेलात, रिक्षात, दवाखान्यात, बँकेत तो अजून मिळायचा आहे. म्हणून हे पत्र, आणि ते उघड लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीच्या सोयीचा नाही.

आपल्याला या विषयाची माहिती नसेल, असे मी मानत नाही. 3 डिसेंबर 2022 रोजी, जागतिक दिव्यांग दिनी, राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि असा विभाग स्थापणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य असल्याचे अभिमानाने सांगितले. त्यानंतर ‘दिव्यांगांच्या दारी’ हे अभियान जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दिव्यांगांची नोंद सुमारे 29 लाख 63 हजार आहे. एवढ्या लोकांसाठी एक स्वतंत्र मंत्रालय उभे राहिले, याचा मलाही आनंद झाला होता. शासन आमच्या दारी आले, ठीक. आम्ही इतरांच्या दारी जातो तेव्हा काय होते, हे कोणी पाहिले का?

काय होते ते सांगते. दारावरचा रखवालदार हात आडवा धरतो. “मॅडम, कुत्रं आत चालणार नाही.” मी सांगते की ही गाईड डॉग आहे, मला दिसत नाही, ती मला वाट दाखवते. तो सुपरवायझरला बोलावतो, सुपरवायझर मॅनेजरला. मॅनेजर म्हणतो, “वरून ऑर्डर आहे.” कोणाची, कधीची, हे त्याला सांगता येत नाही. दरम्यान मागे रांग साचते, कोणीतरी मोबाइल काढून चित्रीकरण करू लागतो, कोणीतरी “आंधळ्या बाईला कशाला अडवता” म्हणून माझ्या वतीने भांडतो. शेवटी कधी मला आत सोडतात, कधी नाही. सोडले तरी “या वेळी जाऊ देतो” असे म्हणून. म्हणजे माझा हक्क हा त्या दिवशीच्या मॅनेजरच्या मनःस्थितीवर ठरतो, आणि पुढच्या खेपेला सुनावणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या रखवालदारावर माझा राग नाही. तो कंत्राटावर काम करतो, कुत्रे आत आले तर त्याची नोकरी जाईल अशी त्याला भीती आहे, आणि माझ्यासारख्या माणसाशी कसे वागायचे हे त्याला आजवर कोणी शिकवलेले नाही. माझा प्रश्न आपल्याला आहे. त्याला आपण काय सांगितले आहे? मार्गदर्शक श्वानाला अडवू नये असा राज्याचा स्पष्ट आदेश असेल, तर तो या दारापर्यंत का पोचला नाही? आणि नसेल, तर का नाही?

वचने तर पुष्कळ दिली गेली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्य केला. त्या कराराच्या नवव्या अनुच्छेदात सार्वजनिक जागा सुगम करताना काय काय द्यायचे हे सांगितले आहे, आणि विसाव्यात दिव्यांगांच्या संचारासाठी काय द्यायचे ते. काठी, चाकाची खुर्ची, यंत्रे यांच्या बरोबरीने सजीव साहाय्य देण्याचे बंधन त्यात आहे. कराराला सुसंगत असा कायदा आपण 2016 मध्ये केला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, शिक्षा आल्या, आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळाले. पण त्या कायद्याच्या 102 कलमांत मार्गदर्शक श्वानाचा उल्लेख एकदाही नाही. सरकारी असोत वा खासगी, सगळ्या सेवा नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सुगम करण्याचे बंधन कलम 46 ने घातले. नियम जून 2017 मध्ये निघाले. दोन वर्षे कधी सरली, हे मी आपल्याला सांगायला नको.

8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांतील सुगम्यतेच्या तरतुदीवर बोट ठेवले. कायदा जे सक्तीचे करतो, ते नियमांनी निव्वळ शिफारशीच्या पातळीवर आणून ठेवले, असे न्यायालयाने म्हटले आणि बंधनकारक निकष ठरवण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. केंद्राचे काम केंद्राने करावे. पण हॉटेलांचे परवाने, रिक्षांचे परमिट आणि चालकांचे बॅज, एसटी, शासकीय रुग्णालये, शाळा हे सगळे राज्याच्या अखत्यारीत आहे. आपल्याच हातातल्या गोष्टीसाठी आपण कोणाची वाट पाहत आहात?

सर्वांत जास्त दुखावणारी गोष्ट सांगते. माझ्या आईची शस्त्रक्रिया होती. रुग्णालयाचे नाव घेत नाही. नाव महत्त्वाचे नाही, कारण हे कुठेही झाले असते. अतिदक्षता विभागात किंवा शस्त्रक्रियागृहाजवळ कुत्री नेऊ नये, हे मला मान्य आहे, आणि मी तसा आग्रह धरलाही नव्हता. मी फक्त तळमजल्यावरच्या प्रतीक्षा कक्षात बसणार होते, जिथे शेकडो माणसे चपला घालून ये-जा करतात. सुरक्षारक्षकाने सांगितले, “हिला पार्किंगमध्ये खांबाला बांधा आणि तुम्ही आत या.” अनोळखी जागेत तिला बांधून जाणे मला शक्य नव्हते. तिला काही झाले असते तर माझे चालणेच थांबले असते. आणि तिच्याशिवाय आत गेले असते तर स्वच्छतागृहापर्यंत जायलासुद्धा कोणाचा तरी हात धरावा लागला असता. मी बाहेर फाटकापाशी बसले. आत डॉक्टरांनी नातेवाइकांना हाक मारली, तेव्हा ओ द्यायला कोणी नव्हते. सही हवी होती ती शेजारच्या काकांनी धावत येऊन माझ्याकडून घेतली. ‘वाजवी सोय’ हा शब्द कायद्याच्या दुसऱ्या कलमातच आहे. ती सोय नाकारणे हा भेदभाव आहे, असेही तिथेच लिहिले आहे. त्या दिवशी माझ्याशी भेदभाव झाला की नाही, हे आपण मला सांगावे.

आता थोडे वर्तनाबद्दल. हा भाग किरकोळ वाटण्याचा संभव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोकांचा समज असा की कुत्री मला ‘घेऊन’ जाते. तसे नसते. कुठे जायचे, कुठे वळायचे हे मी ठरवते. रस्त्याचा नकाशा माझ्या डोक्यात असतो. वाटेतली आडवी स्कूटर, उघडे ड्रेनेज, डोक्याला लागेल अशी फांदी चुकवणे, फूटपाथच्या कडेशी आणि पायरीशी थांबणे हे तिचे काम. सिग्नलचा दिवा तिला कळत नाही. वाहनांचा आवाज ऐकून निघायचे केव्हा ते मी ठरवते. पण मी “चल” म्हटले आणि गाडी अंगावर येत असेल, तर ती माझी आज्ञा मोडते आणि जागची हलत नाही. हे तिला मुद्दाम शिकवलेले असते. यासाठी तिचे लक्ष पूर्ण वेळ रस्त्यावर लागते. आता अशा क्षणी कोणी प्रेमाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, “च् च्” केले, पार्ले-जी पुढे धरले, तर काय होईल? ती कुत्रीच आहे. बिस्किटाकडे तिची मान वळणार. त्या एका क्षणात माझा पाय खड्ड्यात जाऊ शकतो.

लोक वाईट वागतात असे मी म्हणणार नाही. त्यांचा जीव हळहळतो म्हणूनच ते चुकतात. न विचारता दंडाला धरून रस्ता ओलांडून देणारे तर रोज भेटतात, आणि मला कित्येकदा तो रस्ता ओलांडायचाच नसतो. हार्नेसची मूठ धरून कुत्रीला ओढणारे भेटतात. ती मूठ धरणे म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या हातून स्टिअरिंग हिसकावणे आहे. दुकानदार माझ्याकडे पाठ करून आईला विचारतो, “यांना काय दाखवू?” आईवडील लेकराला मागे खेचतात, “जवळ जाऊ नको, चावेल.” त्याऐवजी “ती कामावर आहे, हात लावायचा नाही” एवढे सांगितले, तर मूल आयुष्यभर लक्षात ठेवेल. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते, त्यांनी तसे मोकळेपणाने सांगावे. मी तिला दुसऱ्या बाजूला घेते, बसवते. मला त्यांचा राग येत नाही. पण कोणी न बोलता आडवे झाले तर मला काय कळणार?

एकदा बसमध्ये एका वाहकाने जे केले, तेवढेच सगळ्यांनी करावे असे वाटते. त्याने जवळ येऊन आधी सांगितले, “ताई, मी कंडक्टर.” मग विचारले, “कुठं उतरायचं? हात देऊ का, का तुमचं तुम्ही जाल?” कुत्रीला हात लावला नाही, तिच्याशी बोलला नाही. माझा थांबा आला तेव्हा हाक मारली. त्याला हे कोणी शिकवले नव्हते. त्याचा एक दृष्टिहीन मेव्हणा आहे, असे त्याने उतरताना सांगितले. प्रत्येक कंडक्टरचा मेव्हणा दृष्टिहीन असण्याची वाट आम्ही पाहायची का? 2016 च्या कायद्याच्या कलम 39 नुसार दिव्यांगांबद्दल जनजागृती करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. कलम 47 नुसार लोकप्रतिनिधी, प्रशासक, पोलीस, न्यायाधीश, वकील यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांचे हक्क शिकवणे बंधनकारक आहे. हे प्रशिक्षण कुठे चालते, त्यात काय शिकवतात, हे आपण जाहीर करावे. 15 ऑक्टोबरला पांढरी काठी दिन होतो, 4 जानेवारीला ब्रेल दिन. त्या दिवशी आमचा सत्कार होतो, शाल आणि श्रीफळ मिळते. मला शाल नको आहे. कार्यक्रम संपल्यावर परत जाताना रिक्षा मिळाली पाहिजे.

रिक्षाचे सांगायलाच हवे. अॅपवरून बोलावलेली गाडी येते, चालकाला कुत्री दिसते, आणि फेरी रद्द झाल्याचा आवाज माझ्या फोनमध्ये येतो. गाडी माझ्या समोरून निघून गेलेली मला ऐकू येते. तक्रार केली तर ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत’ असा ठरावीक निरोप येतो. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्यानुसार टॅक्सीचालकाने मार्गदर्शक श्वान नाकारणे हा गुन्हा आहे. ज्या चालकाला खरोखर दमा किंवा अॅलर्जी आहे, त्याला वैद्यकीय दाखल्यावर सूट मिळते आणि ती तो गाडीत लावून ठेवतो. दोघांचाही विचार त्यात आहे. आपल्या परिवहन विभागाला हे करणे अवघड आहे का? एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते. आमच्यातल्या काहींना सोबती लागतो, हे तत्त्व राज्याने केव्हाच मान्य केले आहे. मग सोबती चार पायांचा असला की ते तत्त्व कुठे जाते?

रेल्वे आपल्याकडे नाही, त्यामुळे तिच्याबद्दल फार लिहीत नाही. एवढेच की रेल्वेचा सर्वसाधारण नियम कुत्र्यासाठी वातानुकूलित प्रथम वर्गाचा आख्खा कूपे आरक्षित करायला सांगतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी दाखवतो. लोकलच्या दिव्यांग डब्यात गाईड डॉग चालेल की नाही, हे मला एकाही खिडकीवर कोणी खात्रीने सांगू शकलेले नाही. हा प्रश्न राज्याने केंद्रापुढे मांडला आहे का?

भटक्या कुत्र्यांचा विषय मात्र टाळता येत नाही. माझ्या कुत्रीला उलट हल्ला न करण्याचे शिक्षण आहे. टोळीने अंगावर धावून आलेली कुत्री तिला चावली, तर जखमेपेक्षा मोठे नुकसान तिच्या मनाचे होते, आणि घाबरलेली गाईड डॉग पुन्हा काम करेलच असे नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी ज्या रक्षकांच्या हाती आहे, त्यांना हार्नेस घातलेली कामाची कुत्री आणि भटके कुत्रे यांतला फरक कोणी समजावून सांगितला आहे का? नसेल, तर फाटकावर “कोर्टाचीच ऑर्डर आहे” हे वाक्य मला ऐकावे लागणार, आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे शासनाचा एक ओळीचा कागद नसेल.

“असे गाईड डॉग वापरणारे आहेत तरी किती?” हा प्रश्न मला अधिकारी मंडळींकडून ऐकावा लागला आहे. थोडे आहेत, हे मी मान्य करते. पण थोडे का आहेत, हेही पाहावे. पिल्लू वर्ष-दीड वर्ष एखाद्या कुटुंबात वाढवायचे, त्याला बाजार, जिने, बस, गर्दी यांची सवय लावायची, मग काही महिने कसून शिकवायचे, त्यातून निवडकच टिकतात, आणि आठ-दहा वर्षांचे झाल्यावर त्याला निवृत्त करायचे. एवढा पैसा आणि कष्ट इथे कोण ओतेल, जर शिकाऊ पिल्लाला बाजारातही शिरू देत नाहीत आणि तयार झालेल्या कुत्र्याला प्रत्येक दार बंद आहे? आधी दार उघडावे लागते, मग संख्या वाढते. शिवाय हा प्रश्न फक्त दृष्टिहीनांचा नाही. बहिऱ्या माणसाला दाराची घंटा, धुराचा गजर कळवणारी कुत्री असतात, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारी असतात. आणि न विचारता दंड धरण्याची सवय सुटली, तर पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग होईल.

कोणीही आपल्या घरच्या कुत्र्याला जाकीट चढवून आत आणेल, ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपायही जुना आहे. अमेरिकेत दारावरचा माणूस दोनच प्रश्न विचारू शकतो: दिव्यांगत्वामुळे हे कुत्रे आवश्यक आहे का, आणि ते कोणते काम करायला शिकले आहे? आजार कोणता, कागद दाखवा, हे विचारता येत नाही. आणि कुत्रे भुंकू लागले, घाण केली, मालकाच्या ताब्यात राहिले नाही, तर त्याला बाहेर काढता येते. जपानने 2002 मध्ये साहाय्यक श्वानांसाठी वेगळा कायदाच केला. आपल्याकडे तर आमच्या हातात केंद्राचे यूडीआयडी कार्ड आहे. ते कार्ड, कुत्र्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि लसीकरणाची नोंद, याहून अधिक कोणाला काय हवे? देवळाच्या गाभाऱ्यात, स्वयंपाकघरात, शस्त्रक्रियागृहात मी तिला नेणार नाही. ती मर्यादा मी स्वतःच पाळते. जिथे इतर नागरिक चपलेसह वावरतात, तिथवर मला तिच्यासह जाऊ द्यावे, एवढेच मागणे आहे.

आपल्या विभागाने एक शासन निर्णय काढावा. त्यात मार्गदर्शक आणि साहाय्यक श्वानाची व्याख्या असावी, प्रवेश कुठे नाकारता येईल ती मोजकी ठिकाणे नावानिशी लिहावीत, आणि बाकी सर्वत्र अडवल्यास 2016 च्या कायद्यातील कलम 89 चा दंड लागू होईल असे स्पष्ट म्हणावे. हॉटेले, रुग्णालये, बँका, मॉल यांना दर्शनी भागात मराठीत फलक लावायला सांगावे. रिक्षा-टॅक्सीचा बॅज देताना चालकांना अर्धा तास हे शिकवावे. बालभारतीच्या एखाद्या इयत्तेच्या पुस्तकात एक धडा, निदान एक पान द्यावे. यासाठी विधिमंडळात कायदा करावा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर आमच्या पुण्यातच आहे. मसुदा तयार करायचा असेल तर मी कुत्रीसह तिथे यायला तयार आहे, फक्त फाटकावर आधी कळवून ठेवावे.

या पत्राचे उत्तर लेखी द्यावे, ही विनंती. आणि ते सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र काढून पाठवू नये. तशा कागदातले एक अक्षरही माझ्या फोनमधला स्क्रीन रीडर वाचू शकत नाही. माहिती आम्हाला वाचता येईल अशा स्वरूपात देणे कायद्याच्या कलम 42 नुसार बंधनकारक आहे. युनिकोडमध्ये टंकलेले उत्तर चालेल, ब्रेलमध्येही चालेल. निर्णय केव्हा काढणार ती तारीख त्यात असावी.

आपली,
पुण्यातील एक नागरिक